तीस सप्टेंबरच्या आत

शनिवार, ३० ऑगस्ट २०२५

गाडी तयार, पैसे तयार, आणि विकणारा ती द्यायला तयार नाही.

लेबर डेच्या सुट्टीत न्यू जर्सीतल्या गाड्यांच्या दुकानांना जत्रेची कळा येते. दारात फुगे, आत फुकटची कॉफी आणि ‘फक्त सोमवारपर्यंत’ असे फलक. आमच्या दुकानातही हे सगळं होतं. आम्ही ठरवलेली पांढरी पेट्रोल एसयूव्ही काचेपलीकडे उभी होती, तिच्या आरशाला एक लाल कागद लटकत होता. कंपनीचं पत्र दोनच दिवसांपूर्वी आलं म्हणे. इंधनाच्या पंपात दोष आहे, चालती गाडी मध्येच बंद पडू शकते, तेव्हा सुधारलेला पंप बसवल्याशिवाय या मॉडेलची एकही नवी गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायची नाही. विक्रीबंदी, इथल्या भाषेत ‘स्टॉप सेल’.

“पंप कधी येणार?”

“ऑक्टोबरअखेर. बहुतेक.”

नवऱ्यानं तोडगा काढला. आम्ही लिहून देतो, दोष ठाऊक असूनही घेतोय म्हणून. विकणारा पोरगा हसला. असं लिहून घेता येत नाही. रिकॉल झालेली नवी गाडी दुरुस्त न करता ग्राहकाला देणं अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात डीलरला मना आहे, ग्राहक कितीही राजी असो. मला हा कायदा फार आवडला. नवऱ्याला नाही आवडला, कारण आमची २०१२ची सेडान गिअर बदलताना असा हिसका देते की हातातला कॉफीचा कप सांभाळावा लागतो, आणि प्रिन्स्टनच्या रस्त्यावर रोज तोच असतो.

पोरगा मात्र रडकुंडीला आला होता. दुकानातल्या गाड्या डीलरनं कर्जावर उचललेल्या असतात आणि त्या उभ्या राहिल्या तरी व्याज चालूच राहतं. कायद्यात त्याचीही सोय आहे. अशा अडकलेल्या नव्या गाडीमागे कंपनीनं डीलरला महिन्याला किमतीच्या किमान एक टक्का भरपाई द्यायची. पण ती मालकाला. पोराचं कमिशन गाडीची किल्ली दिल्यावर.

रविवार, ३१ ऑगस्ट

गौरी आल्या. संध्याकाळी घर भरलेलं. आरती झाली आणि पुरुषमंडळी नेहमीप्रमाणे गाड्यांवर आली. आम्ही अडकलोय म्हटल्यावर सगळ्यांचा सल्ला एकच: इलेक्ट्रिक घ्या, आणि तीस तारखेच्या आत घ्या.

तीस तारखेचं प्रकरण असं आहे. नव्या इलेक्ट्रिक गाडीवर केंद्र सरकारची साडेसात हजार डॉलरपर्यंतची करसवलत आहे. बायडन यांच्या २०२२च्या कायद्यानं तिला नवं रूप दिलं, आणि ट्रम्प यांनी यंदा ४ जुलैला सही केलेल्या कायद्यानं ती ३० सप्टेंबरला संपते. वापरलेल्या इलेक्ट्रिक गाडीवरची चार हजारांची सवलतही तिच्यासोबत जाते. त्यामुळे एरवी विजेच्या गाड्यांना नाकं मुरडणारेही यंदा गणपतीत बॅटरीच्या किलोवॉट-तासांवर बोलत होते.

शेजारचे काका मोटारधंद्यात तीस वर्षं काढून निवृत्त झालेत. ते जिलबी खाता खाता म्हणाले, “अहो, पेट्रोलचा पंप बिघडतो म्हणून बॅटरीकडे पळताय. बॅटरीचे रिकॉल विसरलात?” मग त्यांनी शेव्हरोले बोल्टचं नाव घेतलं आणि बायकांनी त्यांना जेवायला उठवलं.

बुधवार, ३ सप्टेंबर

भाच्याचा फोन. ऑगस्टमध्येच एमएससाठी आलाय, हडसनच्या काठी चौघं मिळून राहतात. “मावशी, एक गाडी मिळतेय. २००२ची, दोन हजार डॉलरला. इंजिन एकदम मस्त आहे.”

मी त्याला म्हटलं, आधी नंबर पाठव. काचेखाली डॅशबोर्डच्या कोपऱ्यात, चालकाच्या बाजूला लिहिलेला, सतरा अक्षरं आणि आकडे मिळून, तो व्हीआयएन. एनएचटीएसए या केंद्रीय वाहनसुरक्षा खात्याच्या साईटवर तो टाकला की गाडीवर न केलेली रिकॉलची दुरुस्ती बाकी आहे का ते फुकटात कळतं. टाकला. बाकी होती, आणि होती ती टाकाटाच्या एअरबॅगची.

टाकाटा हे नाव आमच्या घरात परकं नाही. आमच्या त्या हिसके देणाऱ्या सेडानलाही तेच पत्र आलं होतं. टाकाटा ही जपानी कंपनी बऱ्याच मोटारकंपन्यांना एअरबॅगचे फुगवणारे भाग पुरवायची. फुगवण्यासाठी त्यांनी अमोनियम नायट्रेट वापरलं. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा खाल्ली की ते बिघडतं, आणि धडक बसल्यावर पिशवी फुगवण्याऐवजी धातूचं कवच फोडून त्याचे तुकडे माणसाच्या तोंडावर, गळ्यावर फेकतं. अमेरिकेत त्यानं २८ माणसं मारली. परत मागवलेल्या एअरबॅगांचा आकडा इथे ६ कोटी ७० लाखांच्या घरात गेला, अमेरिकेच्या इतिहासातला सगळ्यात मोठा रिकॉल. कंपनीनं गुन्हा कबूल केला आणि २०१७च्या जूनमध्ये दिवाळं काढलं.

पत्र आलं म्हणजे दुरुस्ती झाली असं नव्हतं. भागच नव्हते. इतक्या एअरबॅगा एकदम कुठून आणणार? मग हवेप्रमाणे रांग लावली: फ्लोरिडा आणि आखाताच्या काठची राज्यं आधी, आम्ही नंतर. तोवर काय करायचं, तर पुढच्या सीटवर कुणाला बसवू नका. त्या उन्हाळ्यात सांगलीहून सासूबाई आल्या होत्या. त्यांना मागे बसावं लागलं आणि नायगारापर्यंत त्या म्हणत राहिल्या, “मला पुढचं काही दिसत नाही बाई.” एअरबॅग बदलून मिळाली तोवर त्या परत जाऊन वर्ष होत आलं होतं.

भाच्याच्या पसंतीची गाडी त्याहून वाईट. २००१ ते २००३च्या काही गाड्यांमधले हे भाग इतके धोकादायक ठरले की धडकेत फुटण्याची शक्यता पन्नास टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, असं एनएचटीएसएनं २०१६ साली जाहीर केलं आणि दुरुस्ती होईपर्यंत चालवूच नका म्हणून सांगितलं. एवढं जाहीर होऊन नऊ वर्षं झाली. गाडी दोन हजारांना विकायला उभी.

आणि ती विकणं कायदेशीर आहे! नवी गाडी दुरुस्तीशिवाय देता येत नाही. भाड्याचीही देता येत नाही. रेशेल आणि जॅकलिन हाउक या दोघी बहिणी २००४ मध्ये कॅलिफोर्नियात रिकॉल झालेल्या, पण दुरुस्त न केलेल्या भाड्याच्या गाडीत मरण पावल्या. त्यांच्या आईनं वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि १ जून २०१६पासून ३५ किंवा त्याहून जास्त गाड्या बाळगणाऱ्या भाडेकंपन्यांना अशी गाडी देण्याची मनाई झाली. वापरलेल्या गाडीला मात्र केंद्रीय कायद्यात अशी अट नाही. तशी विधेयकं काँग्रेसमध्ये आली आणि पडून राहिली. डीलर म्हणतात, भाग मिळत नाहीत तोवर गाड्या अडकवल्या तर लोकांच्या जुन्या गाड्यांची किंमत कोसळेल. कोसळू दे की. किंमत कमी व्हायला पाहिजेच, गाडीत दोष आहे.

भाच्याला म्हटलं, बसनं जा.

रविवार, ७ सप्टेंबर

काल विसर्जन, आज पितृपक्ष सुरू. सासूबाईंचा सांगलीहून फोन: “पंधरवड्यात कसली सही करू नका हं. गाडी तर नकोच.” म्हणजे आमच्याकडे बावीस ते तीस, एवढेच दिवस उरले. घटस्थापना बावीसला. दसरा दोन ऑक्टोबरला, सवलत संपल्यावर दोन दिवसांनी. अमेरिकन काँग्रेसला पंचांग कोण दाखवणार?

बुधवार, १० सप्टेंबर

काकांनी अर्धवट सोडलेली बोल्टची गोष्ट आज मी मुद्दाम वाचून पुरी केली, कारण आमचं घर टाउनहाऊस आहे. गॅरेज घरालाच चिकटलेलं, वर लेकीची खोली, आणि भिंतीपलीकडे दुसऱ्याचं गॅरेज.

बोल्ट ही जनरल मोटर्सची मध्यमवर्गाला परवडणारी इलेक्ट्रिक गाडी. चार्जिंगला लावलेल्या, नुसत्या उभ्या असलेल्या काही गाड्यांनी पेट घेतला. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये पहिला रिकॉल झाला. सॉफ्टवेअर बदललं आणि चार्जिंग नव्वद टक्क्यांवर थांबवलं. मग दुरुस्त समजल्या गेलेल्या गाड्याही पेटल्या. शेवटी २०२१च्या ऑगस्टमध्ये, तोवर बनलेल्या सगळ्या बोल्ट परत मागवल्या, एक लाख चाळीस हजारांहून जास्त. एलजीच्या कारखान्यातून आलेल्या काही सेलमध्ये दोन दोष एकत्र सापडले होते: धन-ऋण ध्रुवांपैकी एकाची फाटलेली पट्टी आणि मधल्या विलगकाला पडलेली घडी. दोन्ही एकाच सेलमध्ये आले की आत शॉर्ट सर्किट.

तिचीही विक्री थांबली. मिशिगनमधल्या ओरायन टाउनशिपचा कारखाना ऑगस्ट २०२१पासून एप्रिल २०२२पर्यंत बहुतेक काळ बोल्ट बनवू शकला नाही. नव्या बॅटऱ्या आधी जुन्या मालकांना द्यायच्या होत्या. आणि मालकांना सूचना काय होत्या? गाडी घराबाहेर लावा. रात्री न बघता चार्जिंगला ठेवू नका. पार्किंगच्या इमारतीत लावायचीच असेल तर सगळ्यात वरच्या मजल्यावर, उघड्यावर, दुसऱ्या गाडीपासून पन्नास फूट दूर. पन्नास फूट! आमच्या वस्तीत दोन गाड्यांमध्ये दार उघडण्यापुरती जागा मिळाली तरी लोक खूश असतात.

वाचताना माझ्या मनात एक गोष्ट पक्की होत गेली. दोष पेट्रोलच्या गाडीतही निघतो आणि विजेच्याही. टोयोटासारख्या कंपनीनं २०१०च्या जानेवारीत ॲक्सिलरेटरचं पेडल अडकतं म्हणून आठ मॉडेलची विक्री एका दिवसात थांबवली, कारखाने बंद ठेवले, आणि तिच्या अध्यक्षांना, अकिओ टोयोडांना, काँग्रेससमोर येऊन माफी मागावी लागली. त्या पेडलची दुरुस्ती म्हणजे पोलादाची एक छोटी पट्टी. त्याच टोयोटाची पहिली मोठी इलेक्ट्रिक गाडी, बीझेडफोरएक्स, २०२२च्या उन्हाळ्यात बाजारात आली न आली तोच चाकांचे बोल्ट सैल होऊन चाक निखळेल म्हणून परत मागवावी लागली. तिच्या दोषाचा बॅटरीशी काही संबंध नव्हता. इलाज शोधायला महिने लागले आणि कंपनीनं ज्यांना हवं त्यांच्याकडून गाड्या परत विकत घेण्याची तयारी दाखवली.

तेव्हा आम्ही विचारायचा प्रश्न पेट्रोल की वीज हा नाही. दोष निघाल्यावर इलाज तयार असतो की नाही, आणि तो येईपर्यंत गाडी कुठे ठेवायला सांगतात, हा आहे. पोलादाची पट्टी तासाभरात बसते. टाकाटाची पिशवी वर्षभर येत नाही. बॅटरी बदलायची तर कारखाना थांबवावा लागतो.

नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “म्हणजे सायकल घ्यायची का?”

शनिवार, १३ सप्टेंबर

बघायला हरकत नाही, सही तर करायची नाही. इलेक्ट्रिक गाड्या चालवून आलो.

पहिल्या दुकानात गंमत झाली. ज्यानं जुलैमध्ये आम्हाला सांगितलं होतं, “थंडीत रेंज निम्मी होते, रस्त्यात अडकाल, पेट्रोलच घ्या,” तोच गृहस्थ आज इलेक्ट्रिक गाडीच्या बॉनेटवर प्रेमानं हात फिरवत होता. विक्रीबंदीमुळे पेट्रोलचं ते मॉडेल त्याला विकता येत नाही आणि सवलतीमुळे इलेक्ट्रिकची रांग लागलीय. हिवाळ्यातल्या रेंजचं विचारलं तर म्हणाला, “इतका काही फरक पडत नाही.” पडतो. कडाक्याच्या थंडीत बॅटरीची रासायनिक क्रिया मंदावते, वर हीटर बॅटरीतूनच वीज खातो. जुलैमध्ये तो जास्त खरं बोलला होता.

गाडी मात्र सुरेख चालते. लेक रूट २७वर दिव्यापाशी थांबून निघाली आणि मागे बसलेली मी सीटला चिकटले.

दुसऱ्या दुकानात मी थेट रिकॉलचंच विचारलं. बाईंनी लपवलं नाही. ह्युंदाई-कियाच्या इलेक्ट्रिक गाड्यांचं प्रकरण त्यांनीच सांगितलं. आयसीसीयू नावाचा चार्जिंगचा जो भाग छोट्या बारा व्होल्टच्या बॅटरीला वीज पुरवतो, तो खराब झाला की ती बॅटरी उतरते आणि गाडीची ओढ जाते. २०२४ मध्ये ह्युंदाईनं त्यासाठी दोनदा रिकॉल केला. नोव्हेंबरमधल्या खेपेला ह्युंदाई आणि जेनेसिस मिळून १,४५,२३५ गाड्या होत्या. मोठी बॅटरी पूर्ण भरलेली, आणि गाडी बंद पडते ती बारा व्होल्टमुळे! आमच्या सेडानलाही तीच छोटी बॅटरी आहे, तिचंही हिवाळ्यात असंच असतं, त्यामुळे मला घरच्यासारखं वाटलं.

टेस्लाचा नमुना वेगळा. २०२३च्या डिसेंबरमध्ये ऑटोपायलटच्या इशाऱ्यांसाठी वीस लाखांवर गाड्यांचा रिकॉल झाला आणि दुरुस्ती सॉफ्टवेअर म्हणून हवेतून उतरली, कुणाला दुकानात जावं लागलं नाही. याला रिकॉल म्हणूच नये, असा टेस्लावाल्यांचा आवडता मुद्दा आहे. मला तो पटत नाही. दोष सुरक्षेचा आहे, तर नोंद व्हायलाच हवी, मग पाना लागो की वायफाय. आणि सगळं हवेतून उतरत नाही. सायबरट्रकच्या ॲक्सिलरेटरचं आवरण घसरून अडकायचं, कारण जोडताना ते सहज बसावं म्हणून कारखान्यात साबण लावला होता. ३,८७८ ट्रक परत बोलवावे लागले. साबणाला सॉफ्टवेअर नाही.

बुधवार, १७ सप्टेंबर

इलेक्ट्रिशियन येऊन गेला. २४० व्होल्टची लाईन गॅरेजपर्यंत न्यायला पॅनलमध्ये जागा आहे, नगरपालिकेचं परमिट लागेल. वस्तीच्या समितीला अर्ज वेगळा.

संध्याकाळी कागद घेऊन बसलो. न्यू जर्सीत एकेकाळी इलेक्ट्रिक गाडीला विक्रीकर नव्हता. गेल्या ऑक्टोबरपासून अर्धा झाला, आणि यंदा १ जुलैपासून पूर्ण ६.६२५ टक्के. त्याशिवाय २०२४च्या जुलैपासून वर्षाला २५० डॉलरची खास फी, दरवर्षी दहा डॉलरनं वाढत जाणारी, कारण आपण पेट्रोलवरचा रस्तेकर भरत नाही. नव्या गाडीला चार वर्षांची एकदम घेतात, म्हणजे हजाराच्या वर. केंद्रानं दिलेल्या साडेसात हजारांतून राज्य आपला वाटा असा उचलतं. तरी हिशेब जमतोय.

शनिवार, २० सप्टेंबर

दादाचा कोथरूडहून फोन. त्याचंही गाडीचंच चाललंय. सोमवारपासून जीएसटी उतरणार, लहान पेट्रोल गाड्यांवरचा अठरा टक्क्यांवर येणार, म्हणून पंधरा ऑगस्टच्या घोषणेनंतर पुण्यात कुणी गाडीच उचलत नव्हतं. “बावीसपर्यंत कोण मूर्ख घेतोय?” घटस्थापनाही त्याच दिवशी. त्याच्याकडे सरकारनं पंचांग बघितलेलं दिसतं.

त्याला इलेक्ट्रिकही खुणावतेय. जीएसटी पाच टक्केच, आणि गेल्या महिन्यापासून अटल सेतूवर टोल नाही. पण त्याच्या मनात लोहगावची ती स्कूटर आहे. २६ मार्च २०२२ला भर रस्त्यात उभी ओला स्कूटर पेटली, आणि तो व्हिडिओ पुण्यातल्या प्रत्येक फोनवर पोचला. महिनाभरात ओलानं १,४४१ स्कूटर तपासणीसाठी परत मागवल्या. पुढे केंद्रानं बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले. साडेतीन वर्षं झाली, भीती तिथेच.

मी त्याला विचारलं, तुझ्या आत्ताच्या गाडीचा कधी रिकॉल झाला का? “झाला वाटतं. सर्व्हिसिंगला दिली होती तेव्हा म्हणाले, एक भाग कंपनीनं फुकट बदललाय.” कुठला भाग, का, माहीत नाही. बिलावर शून्य रुपये लिहिले होते म्हणून त्यानं विचारलंच नाही.

हे ऐकून मी जरा भडकले. भारतात २०१२पासून कंपन्यांनी स्वतःहून दोष जाहीर करायची पद्धत होती, सक्ती नव्हती. २०१९च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यानं कलम ११०-ए आणलं आणि १ एप्रिल २०२१पासून सरकार रिकॉल करायला भाग पाडू शकतं. गाडी सात वर्षांच्या आतली हवी, दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत. गाड्या लाखांनी खपवणाऱ्या कंपनीला एक कोटी म्हणजे काय? आणि सात वर्षांची अट तर टाकाटासारख्या दोषाला चुकवायलाच केल्यासारखी आहे, कारण तो दोष दमट हवेत वर्षं काढल्यावर उघडा पडतो. होंडानं टाकाटाच्या गाड्या भारतातही टप्प्याटप्प्यानं परत मागवल्या, पण कोकणातल्या पावसात मुरलेल्या किती जुन्या गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे फिरत असतील?

चांगलं उदाहरणही आहे, तेही त्याला सांगितलं. २०२३च्या जानेवारीत मारुतीनं एअरबॅगच्या कंट्रोलरसाठी १७,३६२ गाड्या परत मागवल्या, आणि भाग बदलेपर्यंत त्या चालवू नका, असं स्पष्ट सांगितलं. जेमतेम महिन्याभराच्या उत्पादनातल्या गाड्या होत्या, दोष पटकन पकडला. असं सांगायला धैर्य लागतं. दादा म्हणाला, “हे मला कळलंच नव्हतं.” पेपरात आलं होतं.

बुधवार, २४ सप्टेंबर

पेट्रोलवाल्या दुकानातून फोन. पंप आता नोव्हेंबरात. अनामत परत हवी की दुसऱ्या गाडीवर वळवू? परत मागितली.

शनिवार, २७ सप्टेंबर

ललितापंचमी कालच झाली. आज सही. इलेक्ट्रिकवर.

केंद्रीय करखात्यानं, आयआरएसनं, २१ ऑगस्टला केलेला खुलासा आमच्या कामी आला. तीस तारखेच्या आत बंधनकारक लेखी करार करून काही रक्कम भरली असेल, तर गाडी नंतर ताब्यात घेतली तरी सवलत मिळते. म्हणजे करार आज आणि गाडी दसऱ्याला. सासूबाई आणि आयआरएस दोघांचंही समाधान. सासूबाईंना हे फोनवर समजावताना नवऱ्याला घाम फुटला.

सही करण्याआधी मी व्हीआयएन मागितला आणि तिथेच फोनवर टाकला. एक दुरुस्ती बाकी निघाली! नवऱ्यानं कपाळाला हात लावला. दोष सॉफ्टवेअरचा, मागचा कॅमेरा वेळेवर लागत नाही असा. विकणाऱ्या बाई म्हणाल्या, ही दुरुस्ती झाल्याशिवाय आम्ही गाडी देऊच शकत नाही, पण इलाज आलेला आहे, पाऊण तासाचं काम. तेच कलम, तीच मनाई, जिच्यामुळे पांढरी एसयूव्ही महिनाभर उभी आहे. इथे मेकॅनिक लॅपटॉप घेऊन आला, आम्ही कागद वाचत होतो तोवर त्याचं झालंसुद्धा. मी पुन्हा नंबर टाकून पाहिला, तर साईटवर अजून बाकीच दाखवत होतं. दुरुस्ती झाल्याचा शिक्का मारलेला कागद घेतला आणि मग सही केली.

जुनी सेडान तिथेच दिली. ती लिलावाला जाईल.

गुरुवार, २ ऑक्टोबर

दसरा. हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. आपट्याची पानं इथे कुठली, नुसतं ‘सोनं घ्या’ म्हणायचं. दुकानातली मंडळी फोटो काढत होती. गेल्या आठवड्यात उसळलेली गर्दी परवा रात्री संपली, आज दुकान रिकामं. त्या बाई म्हणाल्या, वर्षभराचे लोक सप्टेंबरातच येऊन गेले.

शनिवार, ४ ऑक्टोबर

भाचा जेवायला आला होता. दोन हजारांची ती गाडी गेली म्हणाला. कुणी घेतली ते त्याला माहीत आहे, त्याच्याच विद्यापीठातला दुसरा मुलगा, हैदराबादचा. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता त्याला फोन लाव. लावला. त्या मुलाला एअरबॅगचं काही माहीत नव्हतं. सोमवारी ती गाडी त्या कंपनीच्या कुठल्याही डीलरला फोन करून सांगायची, ओढून न्यायला लावायची, चालवत न्यायची नाही, एवढं त्याच्याकडून वदवून घेतलं. टाकाटाची दुरुस्ती फुकट असते, गाडी कितव्याही मालकाकडे असो.

दर ऑगस्टमध्ये आपली शेकडो मुलं इथे शिकायला येतात आणि पहिल्याच महिन्यात कुणाची तरी जुनी गाडी घेतात. त्यांच्या आईवडिलांनी हे वाचलं तर त्यांना एवढंच सांगणं: मुलगा म्हणाला गाडी घेतोय, तर किती चालली, रंग कुठला, हे मागून विचारा. आधी तो सतरा अक्षरांचा नंबर मागवा आणि पुण्यात, नाशकात, सांगलीत बसून साईटवर स्वतः टाका. दोन मिनिटं लागतात, पैसे लागत नाहीत. आणि विकणारा नंबर द्यायला कां-कूं करत असेल, तर मुलाला म्हणावं, तिथून नीघ.